वर फेकलेल्या चेंडूच्या गणितात 'जी'चं चिन्ह कधी बदलायचं?

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी अकरावीला आहे. २५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती वेळाने जमिनीवर पडेल, हे गणित मी तीनदा सोडवलं आणि तिन्ही वेळा वेगळं काहीतरी आलं. एकदा १ सेकंद, एकदा ५ सेकंद आणि एकदा तर वर्गमुळाखाली उणे चार. क्लासमध्ये सांगितलंय की वर जाताना जी उणे घ्यायचा आणि खाली येताना अधिक. पण माझा चेंडू वरही जातो आणि खालीही येतो. मग मी काय घ्यायचं?"

आधी थोडक्यात उत्तर. एका गणितात जीचं, म्हणजे पृथ्वीच्या ओढीमुळे मिळणाऱ्या त्वरणाचं, चिन्ह एकदाच ठरतं. चेंडू वर जात असो, खाली येत असो, नाहीतर टोकावर क्षणभर थांबलेला असो, ते चिन्ह शेवटपर्यंत तेच राहतं. "वर जाताना उणे, खाली येताना अधिक" हा नियम खोटा नाही, अर्धवट सांगितलेला आहे. त्यात चेंडू वळला की आपली मोजायची दिशासुद्धा उलटी केलेली असते, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवून मला सव्वीस वर्षं झाली. सरळ रेषेतल्या गतीच्या प्रकरणात या एका ओळीपायी मुलांचे जितके गुण गेलेले मी पाहिलेत, तितके अवघड गणितांपायीही गेलेले नाहीत. म्हणून जरा बैजवार सांगते. सोपे आकडे मिळावेत म्हणून बहुतेक ठिकाणी जी १० धरते.

वहीत आधी एक उभी रेघ ओढ. तिच्या वरच्या टोकाला बाण काढ आणि शेजारी 'अधिक' लिही. हातातून चेंडू सुटला ती जागा शून्य. आता सूत्राला हात न लावता चार गोष्टी एकाखाली एक लिही. सुरुवातीचा वेग यू: चेंडू वर निघाला, म्हणून अधिक २०. त्वरण ए: पृथ्वी खाली ओढते, म्हणून उणे १०. विस्थापन एस: चेंडू शेवटी शून्याच्या २५ मीटर खाली पोचला, म्हणून उणे २५. वेळ टी: हीच काढायची आहे. एवढं झालं की एस = यू×टी + अर्धा×ए×टी² या सूत्रातून समीकरण एकच उरतं:

−२५ = २०टी − ५टी²

पाचाने भागून मांडलं की टी² − ४टी − ५ = ०. मुळं ५ आणि −१. चेंडू ५ सेकंदांनी पडतो.

इथे कुठेही "वर गेला, मग खाली आला" असे दोन भाग केलेले नाहीत. तुझं ५ सेकंदांचं उत्तर बहुधा तसे भाग करून आलं असणार: वर जायला २ सेकंद, त्यात २० मीटर उंची; मग एकूण ४५ मीटरवरून खाली यायला ३ सेकंद; बेरीज ५. हेही बरोबरच आहे. दुसऱ्या भागात तू खालची दिशा अधिक धरलीस, म्हणून जीही अधिक झाला. चुकलं काहीच नाही, फक्त काम दुप्पट झालं आणि घसरायच्या जागा दुप्पट झाल्या.

आता तुझ्या चुकलेल्या दोन उत्तरांकडे ये. ती खोडू नकोस, फार कामाची आहेत.

वर्गमुळाखाली उणे चार आलं, म्हणजे तू २५ = २०टी − ५टी² असं लिहिलंस. वर्गसमीकरण झालं टी² − ४टी + ५ = ०, विवेचक १६ − २० = −४, मुळं वास्तव नाहीत. हे समीकरण कोणत्या प्रश्नाचं आहे? "चेंडू हाताच्या २५ मीटर वर कधी असेल?" आणि त्याचं खरं उत्तर "कधीच नाही" असंच आहे, कारण चेंडू जास्तीत जास्त २० मीटरच वर जातो. समीकरणाने तुला फसवलं नाही. तू जे विचारलंस त्याचं त्याने प्रामाणिक उत्तर दिलं.

१ सेकंद आलं तेव्हा तू २५ = २०टी + ५टी² लिहिलं असशील. टी² + ४टी − ५ = ०, मुळं १ आणि −५. हा खालची दिशा अधिक धरलेला हिशेब आहे, पण यूसुद्धा अधिक राहिला. म्हणजे चेंडू वर न फेकता सेकंदाला २० मीटर वेगाने खाली भिरकावला. तसा तो खरोखरच १ सेकंदात जमिनीवर आदळेल. एकच आकडे, तीन चिन्हं, तीन वेगळे प्रश्न. परीक्षेत उत्तर विचित्र आलं की घाबरून सगळं खोडण्याआधी स्वतःला विचार: मी लिहिलंय ते समीकरण नेमकं कुणाची गोष्ट सांगतंय?

आणि उणे मुळाचं काय? "वेळ ऋण नसते म्हणून सोडून दिलं" असं सगळेच लिहितात, गुणही मिळतात. पण −१ ला अर्थ आहे. चेंडू हातातून सुटण्याच्या एक सेकंद आधी तो जमिनीवर असता आणि तिथून वर निघाला असता, तर त्याचा तेव्हाचा वेग किती असायला हवा होता? व्ही = २० − १०×(−१) = ३०. जमिनीवरून ३० च्या वेगाने वर फेकलेला चेंडू एका सेकंदाने तुझ्या हाताजवळून नेमक्या २० च्या वेगाने वर जातो. समीकरणाला गच्ची ठाऊक नाही, हात ठाऊक नाही. त्याला फक्त ती वक्ररेषा ठाऊक आहे, आणि ती दोन्ही बाजूंना पसरलेली असते. खाली भिरकावलेल्या चेंडूचं दुसरं मूळ −५ आलं, ते या ५ चंच प्रतिबिंब. वर फेकलेला चेंडू ४ सेकंदांनी परत हातापाशी येतो, तेव्हा तो २० च्याच वेगाने खाली जात असतो. तिथून पुढचा एक सेकंद म्हणजे हुबेहूब खाली भिरकावलेल्या चेंडूचा प्रवास. चार अधिक एक, पाच.

दरवर्षी या प्रकरणाच्या पहिल्या तासाला मी वर्गातला पंखा बंद करायला सांगते आणि खडू सरळ वर उडवते. खडू टोकावर असतानाच्या क्षणाबद्दल विचारते, "आत्ता वेग किती?" सगळे म्हणतात शून्य. "आणि त्वरण?" अर्धा वर्ग म्हणतो शून्य. मग मी खडू बोटांच्या चिमटीत धरून डोक्याच्या वर उंच नेते आणि तिथेच धरून ठेवते. "वेग शून्य आणि त्वरणही शून्य, तर खडू असाच राहील. उद्याही इथेच, परवाही इथेच." मागच्या बाकांपर्यंत ते पोचायला दोन-तीन सेकंद लागतात. मग मी चिमूट सोडते. खडू खाली येतो, कारण वेग शून्य असतानाही त्वरण १० च होतं. टोकावर पृथ्वी ओढायची थांबत नाही.

हेच कागदावर बघायचं तर वेग-काळ आलेख काढ. माझा अनुभव असा आहे की ज्याने हा आलेख एकदा मनापासून काढला, त्याचं चिन्ह पुन्हा सहसा चुकत नाही. आडवा अक्ष वेळेचा, उभा वेगाचा. शून्य सेकंदाला वेग अधिक २०, दोन सेकंदांना शून्य, पाच सेकंदांना उणे ३०. तिन्ही बिंदू जोड. एकच सरळ रेषा मिळते. ती आडव्या अक्षाला छेदून खाली जाते, पण तिथे जराही मोडत नाही, वळत नाही. रेषेचा चढ म्हणजे त्वरण, आणि तो सगळीकडे उणे १०. "खाली येताना जी अधिक" हे खरं असतं, तर रेषा दोन सेकंदांपाशी मोडून परत वर चढायला हवी होती. आता क्षेत्रफळं बघ. अक्षाच्या वरचा त्रिकोण: अर्धा × २ × २० = २०. खालचा: अर्धा × ३ × ३० = ४५, उणे धरायचा. बेरीज उणे २५, म्हणजे विस्थापन. चिन्ह सोडून बेरीज केली तर ६५, म्हणजे चेंडूने प्रत्यक्ष कापलेलं अंतर. सूत्रातला एस नेहमी विस्थापन देतो, अंतर कधीच देत नाही, हे या एका आलेखात डोळ्यांना दिसतं.

वर्गसमीकरण सोडवायचा कंटाळा येत असेल किंवा आकडे वाकडे असतील, तर एक वाट सांगते. आधी वेळ काढूच नको, शेवटचा वेग काढ. व्ही² = यू² + २एएस. इथे ४०० + २×(−१०)×(−२५) = ९००. व्ही अधिक ३० किंवा उणे ३०. जमिनीवर आदळताना चेंडू खाली येतोय, म्हणून उणे ३०. हे उणे लावणं समीकरण तुझ्यासाठी करणार नाही, तुलाच करावं लागेल. वर्गमूळ घेताना मुलं हमखास अधिकवर थांबतात. मग व्ही = यू + एटी वरून टी = (−३० − २०) ÷ (−१०) = ५. जी ९.८ घेऊनही ही वाट सोपी पडते: व्ही² = ४०० + ४९० = ८९०, व्ही साधारण −२९.८३, टी साधारण ५.०८ सेकंद. गणितात जी किती घ्यायचा ते दिलेलं असतं, ते आधी बघ. १० धरून केलेलं उत्तर पर्यायांत नसेल तर अनेकदा दोष तुझा नसतो, ९.८ चा असतो.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी एवढं लिहितेय. प्रवासाचे तुकडे पाडायचे ते त्वरण बदलतं तिथे. दिशा बदलते तिथे नाही.

चेंडू टोकावर वळतो, तिथे त्वरण बदलत नाही, म्हणून तिथे तुकडा पाडायची गरज नाही. पण अग्निबाणाच्या गणितात गरज असते. समज, एक छोटा अग्निबाण स्थिर अवस्थेतून निघाला, ४ सेकंद वरच्या दिशेने ५ चं त्वरण मिळालं आणि इंधन संपलं. पहिला तुकडा: उंची अर्धा × ५ × १६ = ४० मीटर, वेग २०. इथे त्वरण अधिक ५ वरून उणे १० वर उडी मारतं, म्हणून इथे रेघ मार आणि नवं गणित सुरू कर. नव्या गणितात यू अधिक २०, कारण इंधन संपलं तरी वेग संपलेला नाही. बरीच मुलं इथे यू शून्य धरतात, जणू इंधन संपताच अग्निबाण हवेत उभा राहिला. नवा शून्यबिंदू ४० मीटरवर, जमीन उणे ४० वर. −४० = २०टी − ५टी², म्हणजे टी² − ४टी − ८ = ०, टी = २ + √१२, साधारण ५.४६. पहिले ४ मिळवले की एकूण ९.४६ सेकंद. दोन तुकडे, दोन समीकरणं. टोकासाठी तिसरा तुकडा लागलाच नाही.

फुग्यातून सोडलेल्या दगडाचं गणितही याच घरातलं. हवामान खात्याचे उपकरणं बांधलेले फुगे साधारण सेकंदाला ५ मीटर वेगाने वर चढतात, तोच आकडा घेऊ. फुगा ३० मीटर उंचीवर असताना त्याला बांधलेली एखादी वस्तू सुटली. ती जमिनीवर कधी पडेल? "सुटली" या शब्दाला भुलून यू शून्य धरलास तर उत्तर गेलं. सुटण्याच्या क्षणी वस्तूला फुग्याचाच वेग असतो, अधिक ५. −३० = ५टी − ५टी², टी² − टी − ६ = ०, टी = ३ सेकंद. जमिनीवर उभ्या माणसाला ती वस्तू आधी सव्वा मीटर वर जाऊन मग खाली येताना दिसेल. फुग्यातून बघता आलं असतं, तर मात्र ती सुटल्यापासून खालीच जाताना दिसली असती. दोघांचंही खरं आहे, बघणारे वेगळे. एवढं लक्षात ठेव: वस्तू सुटताना वाहनाचा वेग बरोबर घेऊन जाते, वाहनाचं त्वरण नेत नाही. फुगा वेग वाढवत वर जात असला तरी सुटल्यानंतर वस्तूचं त्वरण उणे १० च.

वर फेकणं आणि नुसतं सोडणं यांतला फरक किती मोलाचा असतो, याचं मला फार आवडणारं उदाहरण जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात आहे. तिथल्या विद्यापीठाचा १४६ मीटर उंच मनोरा फक्त वस्तू खाली पाडण्यासाठी बांधलेला आहे. आत एक उभी नळी, तिच्यातली हवा उपसून काढलेली, आणि तिच्यात वस्तू ११० मीटर मोकळी पडते. प्रयोगाची कुपी वरून सोडली की जवळजवळ ४.७४ सेकंद ती मुक्तपतनात असते, आणि तेवढ्या वेळात आतले द्रव, ज्वाला वगैरे अवकाशात वागतील तसे वागतात. तूच पडताळून बघ: टी = √(२×११०÷९.८१), ४.७४ येतंच. खाली पोचताना वेग सेकंदाला साडेशेहेचाळीस मीटर, म्हणजे ताशी १६७ किलोमीटरच्या आसपास. म्हणून खाली तिला झेलायला फोमच्या बारीक गोळ्यांनी भरलेलं उंच पिंप असतं. आता शास्त्रज्ञांना जास्त वेळ हवा होता. मनोरा दुप्पट उंच केला तर वेळ किती वाढेल? दुप्पट नाही, √२ पट, म्हणजे जेमतेम ६.७ सेकंद. त्याऐवजी २००४ मध्ये त्यांनी तळाशी एक प्रक्षेपक बसवला, जो कुपीला खालून वर फेकतो. कुपी तळापासून वर जाते, टोकाशी वळते, परत तळाशी येते, आणि नऊ सेकंदांहून जास्त वेळ मिळतो. मनोरा तोच, वेळ जवळजवळ दुप्पट. आणि यात तुझ्या प्रश्नाचं उत्तरही आलं. कुपीतल्या प्रयोगाला ती कधी वळली ते कळतच नाही. वर जाताना, टोकावर आणि खाली येताना आतली अवस्था एकच, वजनरहित. जीचं चिन्ह वाटेत खरोखर बदलत असतं, तर तिथल्या द्रवाच्या थेंबाला ते आपल्याआधी कळलं असतं.

दोन चेंडूंची गणितं मुलांना अवघड वाटतात, पण तिथे तर जी चक्क निघूनच जातो. ४० मीटर उंचीवरून एक चेंडू सोडला आणि त्याच क्षणी त्याच्या बरोबर खालून, जमिनीवरून, दुसरा २० च्या वेगाने वर फेकला. कुठे भेटतील? दोघांचंही त्वरण उणे १०, म्हणून एकमेकांच्या दृष्टीने त्वरण शून्य. ४० मीटरचं अंतर २० च्या एकसमान वेगाने मिटतं, २ सेकंद. संपलं. वरचा तोवर २० मीटर खाली आलेला असतो आणि खालचा २० मीटर वर, नेमका आपल्या टोकावर. दुसरा चेंडू एक सेकंद उशिरा फेकला तर तोंडपाठ केलेलं ४०÷२० चालणार नाही. दुसरा निघेल तेव्हा पहिला ५ मीटर खाली आलेला असेल आणि त्याचा वेग उणे १० झालेला असेल. उरलेलं अंतर ३५, जवळ येण्याचा वेग ३०, म्हणून आणखी साधारण १.१७ सेकंद. दोन घड्याळं वापरू नकोस. दुसरा निघाला तो क्षण शून्य धर, आणि त्या क्षणी पहिला कुठे आहे, किती वेगाने जातोय, एवढं लिहून घे.

"तिसऱ्या सेकंदात किती अंतर गेला" या जातीच्या प्रश्नांना वेगळं सूत्र पाठ करायची गरज नाही. त्वरण स्थिर असलं की कोणत्याही कालखंडातला सरासरी वेग हा त्या कालखंडाच्या मध्यावरच्या वेगाएवढा असतो. तिसरा सेकंद म्हणजे २ ते ३, मध्य २.५. नुसत्या सोडलेल्या चेंडूचा तेव्हाचा वेग २५, म्हणून त्या सेकंदात २५ मीटर. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या सेकंदात ५, १५, २५, ३५: म्हणजे १, ३, ५, ७ हे प्रमाण, जे गॅलिलिओला उतरणीवरून गोळे सोडताना सापडलं होतं. एक सापळा मात्र आहे. चेंडू २५ च्या वेगाने वर फेकला, तर तिसऱ्या सेकंदाच्या मध्यावर वेग शून्य, म्हणून त्या सेकंदातलं विस्थापन शून्य. पण चेंडू त्या सेकंदात सव्वा मीटर वर गेला आणि सव्वा मीटर खाली आला. अंतर अडीच मीटर. प्रश्नात शब्द कोणता आहे, तो दोनदा वाच.

विहिरीत दगड टाकून खोली काढायचं गणित खेड्यातल्या मुलांनी नक्की करून बघावं, अर्थात काठापासून सांभाळून आणि कुणीतरी मोठं बरोबर घेऊन. दगड सोडला, २.०६ सेकंदांनी 'डुब्' ऐकू आलं. त्यातले जवळजवळ २ सेकंद दगड पडायला लागले आणि ०.०६ आवाज वर यायला, कारण हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. पाणी १९.६ मीटरवर. आवाजाचा वेळ विसरून सगळे २.०६ सेकंद दगडाच्या नावावर टाकले, तर २०.८ मीटर येतात, म्हणजे एक मीटरहून थोडी जास्त चूक. पुस्तकं या ०.०६ वर पानभर वर्गसमीकरण सोडवतात. पण मोबाइलचं घड्याळ बंद करायला तुझ्या बोटाला ०.२ सेकंद उशीर झाला, तर चूक चार मीटरची होते. दगड तेव्हा सेकंदाला २० मीटर वेगाने जात असतो ना! म्हणून प्रत्यक्षात मोजताना आधी बोट सुधारायचं, दहा वेळा दगड टाकून सरासरी घ्यायची, आणि मग आवाजाची काळजी करायची. आणखी सोपं म्हणजे मोबाइलवर ध्वनिमुद्रण कर. दगड सोडताना तोंडाने 'टक्' असा आवाज काढ आणि नंतर दोन आवाजांमधलं अंतर मोज.

ही सगळी समीकरणं हवा नाही असं धरून आहेत, हेही सांगायला हवं. दीड किलोमीटर उंचीवरच्या ढगातून निघालेला पावसाचा थेंब या सूत्राने जमिनीवर सेकंदाला १७१ मीटर वेगाने आदळायला हवा. तसं झालं असतं तर आषाढात कुणी घराबाहेर पडलं नसतं. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला नऊ मीटरच्या आसपासच स्थिरावतो, कारण हवेचा विरोध त्याच्या वजनाएवढा झाला की त्वरण शून्य होतं. तुझा चेंडूही खऱ्या हवेत परत येताना २० हून थोडा कमी वेगाने हातापाशी येतो, आणि वर जायला लागला त्यापेक्षा त्याला खाली यायला थोडा जास्त वेळ लागतो. त्यात त्वरण स्थिर नसतं, म्हणून तिथे ही तीन सूत्रं वापरायचीच नाहीत. सूत्र लिहिण्याआधी "त्वरण स्थिर आहे का?" हा प्रश्न मी फळ्यावर नेहमी लिहिते, आणि तुझ्या वहीतही तो असू दे.

आता एक गणित तुझ्यासाठी. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडून दाखवलं, दोन्ही बरोबरच खाली पडले. तिथे हवा नाही, आणि जी फक्त १.६२. तुझीच २५ मीटरची गच्ची तिथे आहे असं धर आणि तोच चेंडू त्याच २० च्या वेगाने वर फेक. रेघ ओढ, बाण काढ, चार गोष्टी लिही आणि मगच सूत्राकडे जा. उत्तर २५.९ सेकंदांच्या आसपास यायला हवं. १२.३ आलं तर तू चेंडूला टोकावरच सोडून आलीस. १.२ आलं तर तू तो खाली भिरकावलास. आणि १.३ किंवा २३.४ आलं, तर तुझ्या २५ चं चिन्ह काय लिहिलंयस ते बघ.